वडिलांसाठी उतरवलेले केस आणि ट्रकची नोकरी : केसांची टेस्ट की लघवीची?

चिवचिव · 6 ऑक्टोबर, 21:40

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या बाजूला राहतो. नवरा पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होता. दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "मी ट्रक चालवायला शिकतो." त्यावर घरात जे महाभारत झालं ते इथे सांगत बसत नाही. आज त्याच्याकडे सीडीएल आहे, म्हणजे अठरा चाकी गाडीचं लायसन्स, आणि एका लहान कंपनीतून वर्षभर बदाम-टोमॅटो वाहून झालेत. (माणूस पूर्वीपेक्षा शांत झोपतो, हेही खरं.)

सप्टेंबरात सासरे गेले. नवरा नाशिकला गेला, दहाव्याला रामकुंडावर क्षौर केलं, सगळं उरकून परत आला. तोवर एका मोठ्या कंपनीकडे केलेला अर्ज पुढे सरकला होता. पगार बरा, विमा चांगला, दर आठवड्याला घरी. काल फोन आला की ड्रग टेस्टसाठी केस द्यायचेत, डोक्यावरचे, दीड इंच. याच्या डोक्यावर आत्ता हात फिरवला तर ब्रश फिरवल्यासारखं वाटतं. त्यानं खरं ते सांगितलं. पलीकडची बाई जरा थांबून म्हणाली, "टेस्टच्या आधी डोकं भादरून येणारे आम्हाला बरेच भेटतात."

त्याला फार लागलं ते. सुपारीचं खांड तोंडात न घालणारा माणूस आहे.

माझे प्रश्न: केस नसले तर हा नकार धरतात का? तो कुठे नोंदला जातो का? आणि लघवीची टेस्ट एवढी वर्षं चालत आलीय, मग हे केसांचं खूळ कुठून आलं?

लॉगबुक · 6 ऑक्टोबर, 22:55

चिवचिवताई, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं.

मी इंडियानात एका ट्रकिंग कंपनीत सेफ्टी बघतो. दोनशेच्या आत गाड्या, म्हणजे फार मोठे नाही. ड्रायव्हरांच्या टेस्टचे कागद माझ्याच टेबलावर येतात.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या नवऱ्याला दोन वेगळ्या टेस्ट द्यायच्या आहेत, एक सरकारची आणि एक कंपनीची. सरकारची, म्हणजे डीओटीची (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची), ती लघवीची. 1991 च्या कायद्यापासून आहे आणि ती निगेटिव्ह आल्याशिवाय नवी कंपनी त्याला गाडीवर बसवत नाही. त्यात पाच गट बघतात: गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन (मेथ यातच), अफूच्या कुळातली द्रव्यं आणि पीसीपी (भ्रम आणणारं एक द्रव्य). 2018 पासून ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्याही अफूच्या गटात धरतात.

केसांची टेस्ट हा त्या कंपनीचा स्वतःचा नियम. सरकार ती मोजतच नाही. म्हणून केस नाहीत किंवा दिले नाहीत, तर फार तर ती नोकरी जाईल, सरकारी दफ्तरी नकार लागणार नाही. लघवीच्या बाबतीत मात्र नकार म्हणजे पॉझिटिव्हच. टेस्ट सुरू झाल्यावर कंटाळून उठून घरी आला तरी नकार. हे त्याला दोनदा सांगा.

दफ्तर म्हणजे क्लिअरिंगहाउस, ड्रायव्हरांच्या सरकारी टेस्टची देशभराची नोंदवही. 6 जानेवारी 2020 ला सुरू झालं. कुठल्याही कंपनीत सरकारी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलात की नाव तिथे चढतं, आणि पुढची कंपनी ते बघितल्याशिवाय तुम्हाला घेऊ शकत नाही. 18 नोव्हेंबर 2024 पासून तर नाव चढलं की राज्य सीडीएलच काढून घेतं.

आता काय करायचं. फोनवर बोलू नका, ईमेल लिहा. वडील कधी गेले, विधी कुठे झाला, विमानाची तिकिटं कधीची, सगळं घाला, आणि धार्मिक कारणासाठी दुसरी सोय करा अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा. "धार्मिक" हा शब्द राहू देऊ नका, इथल्या कायद्यात त्याला वजन आहे. बहुतेक कंपन्या अंगावरचे केस घेतात, छातीचे, काखेतले, पायांचे.

शेंडीवाला · 6 ऑक्टोबर, 23:10

शेंडी ठेवली असती तर दीड इंच सहज निघाले असते. परंपरा उगीच नसतात.

पेठेतला_पाहुणा · 7 ऑक्टोबर, 08:02

मला कळत नाही, एवढा ऊहापोह कशाला? चाळीस टन वजन घेऊन शंभरच्या वेगानं जाणाऱ्या माणसानं केस द्यावेत, लघवी द्यावी, रक्तही द्यावं. ज्यानं काही घेतलंच नाही त्यानं घाबरायचं कारण काय? आणि केसांनी तीन महिन्यांचं कळतं म्हणे, लघवीनं तीन दिवसांचं. मग यात "की" कुठून आला? केसच घ्या.

निरंजना · 7 ऑक्टोबर, 10:36

पाहुणे, तीन महिन्यांचं आणि तीन दिवसांचं हे अर्धंच खरं आहे. मी अशाच तपासण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये आठ वर्षं होते, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. जरा सविस्तर लिहिते.

लघवीत अनेकदा मूळ द्रव्य नव्हे, तर शरीरानं त्याचं जे केलं ते शोधतात. कोकेन, मेथ, अफूवाली द्रव्यं पाण्याशी जमवून घेतात आणि दोन-चार दिवसांत निघून जातात. गांजाचं उलट. त्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, चरबीत मुरतं आणि सावकाश झिरपतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे सापडू शकतं. म्हणजे बघा, शनिवारी कोकेन घेतलेला माणूस शुक्रवारी लघवी देऊन हसत बाहेर येतो आणि महिन्यापूर्वी गांजा सोडलेला अडकतो. क्लिअरिंगहाउसमधल्या पॉझिटिव्हांमध्ये निम्म्याहून जास्त गांजाचे असतात. ड्रायव्हर गांजाच जास्त घेतात म्हणूनही असेल, पण जाळ्याची वीणच अशी आहे की हा मासा जास्त अडकतो.

केसांत गोष्ट फिरते. रक्तातून द्रव्य केसाच्या मुळाशी जातं आणि केस वाढेल तसं वर सरकतं. महिन्याला साधारण अर्धा इंच, म्हणून दीड इंच म्हणजे नव्वद दिवस. कोकेन आणि मेथ केसाला घट्ट धरून बसतात. गांजा मात्र केसात नगण्य उतरतो, कधीमधी ओढणारा बहुतेकदा सुटतो. आणि मुळाशी जमलेलं टाळूच्या वर यायला आठवडाभर लागतो, म्हणून कालचं किंवा परवाचं केसाला माहीतच नसतं.

आता "घाबरायचं कारण काय". केसाचा काळा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो, त्याला कोकेन आणि ॲम्फेटामाइन जास्त चिकटतात. दोघांनी सारखंच घेतलं तर काळ्या केसांत आकडा मोठा येतो आणि सोनेरी केसांत लहान. शिवाय बाहेरून लागलेलं. ज्या खोलीत कोणी धूर काढतोय तिथे बसलात, कोकेनचे कण हाताला लागले, हात केसांतून फिरला. लॅब केस धुऊन घेते, शरीरातच तयार होणारी द्रव्यं शोधते, पण धुण्यानं सगळं जातं का यावर तज्ज्ञ आजही भांडतात.

बोस्टनच्या पोलिसांचा खटला यावरच होता. केसांच्या टेस्टमध्ये कृष्णवर्णीय पोलीस 1.3 टक्के पॉझिटिव्ह आले, गोरे 0.3 टक्के. 2014 साली अपील कोर्टानं मान्य केलं की हा फरक योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. प्रकरण रेंगाळत 2023 मध्ये शहरानं 26 लाख डॉलर देऊन मिटवलं. तेव्हा "ज्यानं काही घेतलं नाही" हे कोण ठरवणार, हाच तर प्रश्न आहे.

दोनओळी · 7 ऑक्टोबर, 10:50

निरंजना, सुंदर प्रतिसाद.
अंगावरच्या केसांचं काय? ते तर वाढतच नाहीत.

निरंजना · 7 ऑक्टोबर, 11:15

वाढतात, ठराविक लांबीला थांबतात आणि बराच काळ तसेच राहतात. म्हणून छातीच्या केसाला "गेले तीन महिने" असा हिशेब लागू होत नाही. त्यात वर्षभरापर्यंतचं काहीही असू शकतं. वर्षभरापूर्वी ऑपरेशननंतर गोळ्या घेतल्या असतील तर प्रिस्क्रिप्शन शोधून ठेवा, चिवचिव.

अण्णा_मोटारवाले · 7 ऑक्टोबर, 13:20

वाचून गंमत वाटली. कळंबोलीला माझ्या सहा गाड्या होत्या, तीस वर्षं धंदा केला. माझ्या एकाही ड्रायव्हरची लघवी कुणी मागितली नाही, केस तर दूरच. नाक्यावर फार तर नळी फुंकायला लावत. कायदा आपल्याकडेही आहे, मोटार वाहन कायद्याचं 185 कलम. शंभर मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अमली पदार्थांचाही उल्लेख त्याच कलमात आहे. पण दारूला नळी आहे, बाकीच्याला नाक्यावरच्या हवालदाराकडे काय आहे?

आणि घेत होते, खोटं कशाला बोलू. उत्तरेच्या फेरीला जाणारे काही डोडा घ्यायचे. डोडा म्हणजे खसखशीच्या बोंडाची टरफलं. चहात उकळायची आणि राजस्थान एका दमात पार करायचा. मी एकाला काढलं होतं त्यापायी. त्याची बायको दारात येऊन रडली तेव्हा परत घेतला. दोन दिवसांत दिल्ली गाठ, नाहीतर भाडं कापतो, असं मीच म्हणत होतो. दोष एकट्याचा नव्हता.

पोरी, तुझ्या नवऱ्याला माझा आशीर्वाद सांग. गाडीवरचा माणूस सरळ असला की घर निर्धास्त असतं.

चिवचिव · 7 ऑक्टोबर, 20:05

सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, बराच वेळ काही बोलला नाही.

ईमेल पाठवला. अजून उत्तर नाही. त्याच्या आत्ताच्या कंपनीत एक सरदारजी आहेत, वीस वर्षं इथे गाडी चालवतात. ते म्हणाले, "तू तर केस दिलेस बापासाठी, परत येतील. मला एक केस कापायला सांगितला तरी मी ती नोकरी करत नाही." मोठ्या कंपन्यांकडे ते अर्जच करत नाहीत म्हणे. आमच्या या खोऱ्यात पंजाबी ड्रायव्हर किती आहेत ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. या सगळ्यांना दारच बंद?

लॉगबुक · 7 ऑक्टोबर, 22:30

दार बंद होतं, थोडं किलकिलं झालंय. जे. बी. हंट या मोठ्या कंपनीनं केसांची टेस्ट सगळ्यांच्या बरंच आधी सुरू केली. केस कापून द्यायला नकार दिला म्हणून चार शीख ड्रायव्हरांना त्यांनी घेतलं नाही. प्रकरण समान संधीच्या सरकारी आयोगाकडे गेलं आणि 2016 मध्ये कंपनीनं चौघांना मिळून 2 लाख 60 हजार डॉलर देऊन समझोता केला. तुमच्या ईमेलमध्ये "धार्मिक" शब्द हवा म्हणालो तो यासाठीच.

आता तुमचा तिसरा प्रश्न, हे खूळ कुठून आलं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मोठ्या कंपन्यांना दिसलं की लघवीच्या टेस्टची तारीख आधी ठाऊक असते. नोकरीसाठी येणारा माणूस चार दिवस दम धरतो आणि पास होतो. ज्याला दम धरवत नाही तो ऑनलाइन मिळणारी खोटी लघवी घेऊन येतो, पोटाला गरम पॅड बांधून. (सेंटरवाले चार मिनिटांत तापमान बघतात, 32 ते 38 अंशांत हवं. संडासच्या पाण्यात निळा रंग असतो, म्हणजे तिथलं पाणी मिसळता येऊ नये. खिसे रिकामे करायला लावतात. तरी लोक पार पडतात.) केस मात्र तुमच्या समोर कात्रीनं कापतात, त्यात बनवाबनवी कठीण.

मग या कंपन्यांच्या आघाडीनं आकडे मांडले. अर्कान्सामधल्या विद्यापीठाकडून करून घेतलेल्या अभ्यासात दीड लाखांहून जास्त उमेदवारांच्या दोन्ही टेस्ट बघितल्या. लघवीत नापास 0.6 टक्के. केसांत नापास झालेले किंवा द्यायलाच नकार देणारे 8.5 टक्के. सगळ्यात जास्त कोकेन. हे आकडे अख्ख्या देशाला लावून त्यांनी जाहीर केलं की तीन लाख ड्रायव्हर असेच रस्त्यावर आहेत.

या तीन लाखांवर माझा विश्वास नाही. एक तर त्या 8.5 मध्ये नकार देणारेही मिसळलेत, म्हणजे चिवचिवताईंचे सरदारजी आणि कोकेनवाला एकाच पोत्यात. दुसरं, हे उमेदवार काही ठराविक कंपन्यांकडे आलेले होते, देशातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. पण आकडा निम्मा केला, पाव केला, तरी 0.6 च्या कितीतरी वर राहतो. हेही नाकारता येत नाही.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. काँग्रेसनं डिसेंबर 2015 च्या कायद्यात आरोग्य खात्याला सांगितलं की वर्षभरात केसांच्या टेस्टचे नियम करा. खात्याचा मसुदा यायला सप्टेंबर 2020 उजाडला. त्यातही केस पॉझिटिव्ह आले तर काही वेळा लघवीनं किंवा लाळेनं खातरजमा करा अशी अट, म्हणजे ज्या गोष्टीसाठी केस घेतले तीच बाद. अंतिम नियम अजून नाहीत. तोवर कंपन्यांनी विनंती केली की निदान आमचे केसांचे निकाल क्लिअरिंगहाउसमध्ये नोंदवू द्या. डिसेंबर 2022 मध्ये एफएमसीएसएनं, म्हणजे ट्रकवर देखरेख करणाऱ्या डीओटीच्या शाखेनं, ती फेटाळली. आरोग्य खात्याचे नियम झाल्याशिवाय आम्हाला तसा अधिकारच नाही, हे कारण.

याचा अर्थ माझ्या टेबलावर काय होतो ते सांगतो. माणूस सोमवारी मोठ्या कंपनीत केसांच्या टेस्टमध्ये कोकेनसाठी नापास होतो. बुधवारी माझ्याकडे येतो. मी क्लिअरिंगहाउस उघडतो, स्वच्छ. लघवी घेतो, स्वच्छ, कारण तोवर कोकेन घेतल्याला आठवडा झालेला असतो. मी त्याला किल्ली देतो. मी नियम पाळला, त्या कंपनीनंही नियम पाळला. आमच्यासारख्या लहान कंपन्यांकडे मोठ्यांनी गाळलेली माणसं येतात आणि आम्हाला ते कळायची सोय नाही.

पेठेतला_पाहुणा · 8 ऑक्टोबर, 07:45

म्हणजे मी म्हणत होतो तेच. केसांचे निकाल नोंदवा, विषय संपला.

निरंजना · 8 ऑक्टोबर, 09:20

संपत नाही. क्लिअरिंगहाउसमध्ये नाव चढणं म्हणजे लायसन्स जाणं. परत यायचं तर तज्ज्ञाकडून मूल्यमापन, उपचार, मग समोर कुणीतरी बघत असताना लघवी द्यायची, मग पहिल्या वर्षात किमान सहा अचानक टेस्ट, आणि हे पाच वर्षांपर्यंत चालू शकतं. एवढी शिक्षा ज्याच्यावर टांगायची ती खुंटी पक्की नको? खासगी लॅब स्वतःचे कटऑफ वापरतात, म्हणजे किती सापडलं की पॉझिटिव्ह धरायचं ती मर्यादा. लघवीच्या बाबतीत निदान प्रत्येक आकडा नियमात छापलेला आहे. नमुन्याचे दोन भाग करतात, 30 मिली आणि 15 मिली, आणि निकाल मान्य नसेल तर 72 तासांच्या आत दुसरा भाग दुसऱ्या लॅबकडे पाठवायची मागणी करता येते. मध्ये एमआरओ, म्हणजे निकाल तपासणारा डॉक्टर, फोन करून विचारतो, औषध चालू आहे का. केसांत हे सगळं कंपनीच्या मर्जीवर.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. अपघात झाल्यावर ड्रगसाठी 32 तासांच्या आत नमुना घ्यावा लागतो. तिथे केस काहीही सांगू शकत नाहीत, ते द्रव्य अजून टाळूच्या आतच असतं. लघवीही एवढंच सांगते की हल्ली कधीतरी घेतलं होतं. त्या क्षणी हातात चाक असताना माणूस नशेत होता का, हे दोन्हींतून कळत नाही.

लॉगबुक · 8 ऑक्टोबर, 12:12

निरंजना, खुंटी पक्की नको हे मी म्हटलंच नाही. पक्की करायला सांगून दहा वर्षं होत आली, ती करा एवढंच म्हणतोय. स्वतंत्र ट्रकवाल्यांची संघटना, ओओआयडीए, केसांच्या टेस्टला पहिल्यापासून विरोध करते, आणि त्यांचं एक म्हणणं मला पटतं. मोठ्यांना हवं ते मोठे आजही करू शकतात. फेडरल नियम झाला तर एका गाडीच्या मालकालाही त्याच जात्यात जावं लागेल. पण मग तो माझ्याकडे बुधवारी येणारा माणूस? त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही, तुमच्याकडेही नाही.

लाळेची टेस्ट मधला मार्ग होऊ शकली असती. समोर बसवून घेतात, फसवता येत नाही, आणि ताजं पकडते. डीओटीनं 2023 मध्येच परवानगी दिली. पण आधी दोन प्रमाणित लॅब हव्यात, त्यातच गाडी बराच काळ अडून राहिली.

चिवचिवताई, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणून एक. 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या कायद्यानं गांजाच्या शिळ्या अंशांवरून नोकरी नाकारायला मनाई आहे, आणि त्या कायद्यात लघवीबरोबर "केस" हा शब्दही आहे. फेडरल कायद्यानं सक्तीची असलेली टेस्ट त्यातून वगळली आहे. म्हणजे डीओटीची लघवी वगळली. पण केसांची टेस्ट तर फेडरल नाहीच! हे कोडं वकिलांसाठी सोडतो.

रानजाई · 8 ऑक्टोबर, 15:40

विषयांतराबद्दल माफी. अण्णांनी खसखशीच्या बोंडांचं लिहिलं तेव्हापासून डोक्यात आहे. दिवाळी तोंडावर आलीय. अनारशाला आपण किती खसखस लावतो! त्यानं पॉझिटिव्ह येतं का? माझा भाचा इथे विमानतळावर काम करतो, त्यालाही टेस्ट असते.

निरंजना · 8 ऑक्टोबर, 16:25

विषयांतर मुळीच नाही. खसखशीच्या दाण्याला बाहेरून मॉर्फिन आणि कोडीनचा अंश लागलेला असतो. पूर्वी लघवीचा कटऑफ मिलीमागे 300 नॅनोग्रॅम होता, तेव्हा खसखस लावलेला पाव खाऊन माणसं अडकत. 1998 च्या अखेरीस तो 2000 केला. एखाददुसऱ्या अनारशानं तिथवर जाणं अवघड, तळण्यातही काही जातं. पण प्रत्येक खसखस सारखी नसते. 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं सैनिकांना खसखस टाळा असं पत्रकच काढलं.

डीओटीत आणखी एक पायरी आहे. मॉर्फिन-कोडीन 15000 च्या खाली असेल तर गैरवापराचा वैद्यकीय पुरावा असल्याशिवाय एमआरओ पॉझिटिव्ह ठरवत नाही. 15000 किंवा त्याच्या वर मात्र "अनारसे खाल्ले" हे कारण चालत नाही, नियमातच तसं लिहिलंय. (अनारसे असं लिहिलेलं नाही, अर्थात.) आणि हेरॉइनची स्वतःची वेगळी खूण असते, ती खसखशीतून येत नाही.

खसखशीचा हलवा वाटीभर खाल्ला तर मात्र मी हमी देणार नाही.

शेंडीवाला · 8 ऑक्टोबर, 16:40

आणि ठंडाई? महाशिवरात्रीची?

निरंजना · 8 ऑक्टोबर, 16:44

भांग असेल तर तो गांजाच. देवाचा प्रसाद हे कारण एमआरओ ऐकत नाही. कॅलिफोर्नियात दुकानात राजरोस मिळतो हेही ऐकत नाही. गांजाच्याच झाडापासून काढलेल्या सीबीडीच्या तेलानं असं झालं म्हणालात तरी नाही.

गावगाडा · 8 ऑक्टोबर, 18:01

हे सगळं ठीक, पण मुळात इथे बाहेरून आलेल्यांना लायसन्स वाटली कुणी, ते बोला ना. कालच बातमी

संपादक_मंडळ · 8 ऑक्टोबर, 18:30

वरच्या सदस्यांचा प्रतिसाद कापला आहे. परवान्यांच्या राजकारणावर वेगळा धागा चालू आहे, तिथे लिहावे. इथे केस आणि लघवी एवढेच.

दोनओळी · 8 ऑक्टोबर, 18:33

संपादकांचं शेवटचं वाक्य
फ्रेम करून ठेवलं आहे.

चिवचिव · 25 ऑक्टोबर, 22:15

अपडेट देते, बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं.

ईमेलला चौथ्या दिवशी उत्तर आलं, आणि चक्क माणसासारखं. रिक्रूटरच्या वरच्या बाईंनी लिहिलं होतं, वडिलांबद्दल वाईट वाटलं, दोन पर्याय आहेत, केस वाढेपर्यंत थांबा किंवा अंगावरचे द्या. वाढायला तीन महिने लागले असते आणि जागा तोवर राहिली नसती. म्हणून छातीचे द्यायचं ठरलं.

दोन्ही टेस्ट एकाच सकाळी. आधी लघवी. 45 मिली लागते, हे याला ठाऊक होतं, म्हणून घरून काही न पिता गेला. (का? पाणी जास्त झालं तर नमुना पातळ येतो असं कुठेतरी वाचलं म्हणे. इंजिनियर!) अर्थात झाली नाही. मग नियमाप्रमाणे तीन तास बसवलं आणि त्या वेळात जास्तीत जास्त 40 औंस पाणी दिलं. लॉगबुकदादा, तुमचं "उठून घरी येऊ नको" त्याला मी फोनवर तीनदा ऐकवलं. अडीच तासांनी जमलं.

मग केस. त्या मुलीनं छातीवरून जे होतं ते कापलं, काट्यावर ठेवलं, म्हणाली पुरत नाहीत. काखेतले घेतले, तरी पुरेनात. शेवटी पायांचे. नवरा म्हणाला, रामकुंडावरच्या न्हाव्यानं पाच मिनिटांत आणि इतकी लाज न वाटता काम केलं होतं.

लघवीचा निकाल निगेटिव्ह आला. केसांचा अजून नाही, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. याच्या मनात काही नाही, तरी रात्री दोनदा फोन बघतो. मी विचारलं तर म्हणाला, "काही घेतलं नाही हे मला माहीत आहे. माझ्या पायाच्या केसांना माहीत आहे का, एवढंच बघायचंय."

सरदारजींनी त्याला एक गोष्ट सांगितली ती इथे लिहावीशी वाटते. ते म्हणाले, वीस वर्षांत रँडममध्ये, म्हणजे अचानक होणाऱ्या टेस्टसाठी, माझं नाव किती वेळा आलं मोजलं नाही, प्रत्येक वेळी गेलो, कपात लघवी दिली, कधी वाईट वाटलं नाही. ती शरीर टाकून देतंच. केस मी टाकून दिलेले नाहीत.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. शोकाचं घर म्हणून सॅन होज़ेच्या मावशींनी फराळ पाठवला, भला मोठा डबा. चकल्या-शंकरपाळे संपले. अनारसे त्याला जिवापाड आवडतात, पण डबा त्यानं स्वतःच्या हातानं फ्रीझरमध्ये ठेवलाय आणि वर चिकटपट्टीवर लिहिलंय, "निकालानंतर".

लॉगबुक · 25 ऑक्टोबर, 22:50

निकालानंतरही जपून. रुजू झाला की रँडमच्या यादीत नाव पडेल. 2020 पासून दरवर्षी ड्रायव्हरांच्या संख्येच्या निम्म्याइतक्या टेस्ट घ्याव्याच लागतात, आणि एकदा नाव आलं म्हणून पुढच्या वेळी वगळत नाहीत. आमच्याकडे एकाचं एका वर्षात तीनदा आलं होतं. त्याला वाटलं मी मुद्दाम करतोय.

पेठेतला_पाहुणा · 26 ऑक्टोबर, 07:30

ताई, डब्यातल्या अनारशांची त्यांना एवढी भीती असेल तर पत्ता देतो. आमची कुणीच टेस्ट घेत नाही.